आई म्हणते, सेपरेट

मंगळवार, संध्याकाळ

काल चुकीचं लिहिलं. 'घटस्फोट' आई म्हणालीच नव्हती, तो शब्द माझ्या मनातला. ती 'सेपरेट' म्हणते. आज शेजारच्या काकूंनाही तेच.

"पोरगी सध्या सेपरेट हाय, एवढंच."

काकू हसल्या. "आमचं लाइटचं मीटरबी सेपरेट हाय की! नांदायला कधी जाणार, ते सांगा."

"रविवारी जावई न्यायला येत्यात."

माझी बॅग तिनं भरून दाराशी ठेवलीय. जयसिंगपूरला सासरी नवरा चिडला की मला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावतो, हे तिला सांगितलंय. तरी बॅग भरली? आणि मी गप्प का? तिची लाज राखायला? रविवारपर्यंत अशीच गप्प राहिले तर मुकाट्यानं जाईन, मला माहीत आहे. आई अंबाबाईला जाऊन आली की तिच्यासमोर बॅग रिकामी करणार, 'घटस्फोट' मोठ्यानं म्हणणार. शुक्रवारी.