लूपचे वेढे

आई,

काल माझा नवा प्रीॲम्प्लिफायर मोजून झाला. अँटेनातून येणारा बारीक सिग्नल मोठा करायचा, पण त्यात स्वतःचं काही मिसळायचं नाही, एवढंच त्याचं काम. दोन सारखे ट्रान्झिस्टर समोरासमोर लावले, त्यांतून भरपूर करंट वाहू दिला. एकाची चूक दुसऱ्यानं कापली. बरोबरीच्या दोघांनी हात मिळवले. मी आकडे वहीत लिहिले आणि चहा घेतला. आनंद वगैरे काही झाला नाही. गेली काही वर्षं असंच आहे.

ती लूप केली तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होते आणि तू पुलगावला गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात. प्रदर्शनासाठी मला लूप अँटेना करायची होती, म्हणजे लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे. तू गिरणीतली सकाळची पाळी करून आलेली, केसांत कापसाचे तंतू तसेच, आणि स्वयंपाकघरात चौकट मांडीवर घेऊन बसतेस. प्रत्येक वेढ्यात सारखं अंतर, बोटानं चाचपून. त्या लूपला मी डबीत बसवलेलं माझं एका ट्रान्झिस्टरचं सर्किट जोडलं, रेडिओ लावला, तर जवळचं मोठं स्टेशन प्रत्येक बारक्या स्टेशनवर चढून बोलू लागलं. तुझे वेढे चुकले, असं मी म्हणाले. तू वाद घातला नाहीस.

"चुकले असन तर पुन्हा घालून देतो."

सगळी तार उलगडलीस, सरळ केलीस, पुन्हा गुंडाळलीस. तरी तेच. मग मी शेजारणीदेखत म्हणाले की हे गिरणीतलं सूत नाही, तुला यातलं काय कळतं. तू चौकट भिंतीला टेकवून भाकरी थापायला बसलीस. थोड्या वेळानं, पाठमोरीच, म्हणालीस, "तुह्या त्या डबीतही एकदा पाहून घेजो, बाई." मी पाहिलं नाही. लूप प्रदर्शनाला नेलीच नाही.

चूक डबीतच होती. बॅटरी पुरावी म्हणून मी ट्रान्झिस्टरला फार कमी करंट दिला होता. मोठं स्टेशन आलं की त्याला ते पेलायचं नाही आणि तो सगळं एकमेकांत कालवायचा. तुझ्या वेढ्यांत काही खोट नव्हती. हे मी आता नव्या मुलामुलींना शिकवते, तुझा उल्लेख न करता.

हे पत्र मोजणीच्या कागदांत ठेवून देईन. चूक कुठं होती ते तू गेल्यावर कळलं, असं मी घरी सांगत आले आहे. ते खोटं आहे. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. त्या वर्षी तू रोज संध्याकाळी विचारायचीस, आज काय शिकली. मी म्हणायचे, काही नाही.