गोल करणाऱ्यानं पलीकडे जायचं

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता कपाटावर टाकून देशील अशी मला दाट शंका आहे. म्हणून ते टपालानं न पाठवता तुझ्या लेकीच्या हाती देतेय आणि तिला बजावतेय की बाबा वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही. ती हलणार नाही. नाकाच्या शेंड्यावरचा राग तिनं तुझा उचललाय, पण चिकाटी आत्याची आहे. तेव्हा सुटका नाही, चष्मा लाव आणि वाच.

आधीच सांगून टाकते, मला तुझ्याशी बोलायचंय. आपल्या चर्चच्या नव्या पाळकांच्या नेमणुकीवरून मंडळी दुभंगली, तुम्ही अर्धे जण उठून गेलात, आणि मग उपासनामंदिर कुणाकडे राहायचं यावरून जे काही चाललं ते तुला मी कशाला सांगू? निकाल आमच्या बाजूनं लागला. तुझे भाऊजी पडले कमिटीचे सेक्रेटरी, त्यांनी त्या संध्याकाळी मोठा केक आणला. मी तो कापला, सगळ्यांना दिला, माझ्या वाटणीचा मात्र तसाच झाकून ठेवला. तेव्हापासून आपण बाजारात समोरासमोर आलो की तू मनगटावरचं घड्याळ बघतोस आणि मी कांद्याचा भाव विचारते, घरात पोतंभर कांदे असले तरी. एका आईची लेकरं आपण आणि वागतो असे, की भाजीवालीलाही आपलं नातं कळू नये. आता मला कंटाळा आलाय रे याचा.

तर, युवक संमेलन. यंदा वरून आदेश आला की दोन्ही मंडळ्यांच्या तरुणांचं संमेलन एकत्रच झालं पाहिजे. गीतं, प्रवचनं, गटचर्चा यांची कामं जाणत्यांनी आपापसात वाटून घेतली आणि ज्यात भांडणं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं ते मैत्रीचे सामने माझ्या गळ्यात आले. पी.टी.च्या बाईंना काय, शिट्टी फुंकली की झालं! मीही हो म्हटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला कुणी मैदानावर बोलावलं नव्हतं. सकाळी जाऊन मी स्वतः फक्कीनं रेषा आखल्या. दव होतं, गवताचा तो ओला वास होता, आणि हॉलमधून कुणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा धरून बघत होतं. रेषा आखता आखता मी इतकी हरवले की एक रेषा सरळ मैदानाबाहेर झाडापर्यंत नेली. पोरं म्हणाली, बाई, हा रस्ता कुठला? मी म्हटलं, हा दमलेल्यांसाठी आहे.

तुला आपली संमेलनं आठवतात का? मला अलीकडे फार आठवतात, आणि नीट क्रमानं नाही, उन्हात डोळे मिटून पडलं की आठवावीत तशी. तू गोलपोस्टमध्ये उभा असायचास आणि हॉलमध्ये ऑर्गन वाजायला लागला की चेंडू सोडून तिकडे कान लावायचास. चेंडू तुझ्या शेजारून डुलत डुलत जाळ्यात जायचा, आमचा संघ तुझ्या नावानं शंख करायचा आणि तू शांतपणे सांगायचास, तिथं तिसरी ओळ चुकली. पुढं तोच ऑर्गन तू इतकी वर्षं वाजवलास. आता आमच्याकडे एक लेखनिक साहेब वाजवतात. भला माणूस आहे, पण प्रत्येक गीत असं काही वाजवतो की जणू कुणाला तरी हळूहळू जिन्यावरून खाली आणतोय. आम्ही मूग गिळून गातो.

सामन्यांसाठी मी मुलांची पक्की सरमिसळ केली होती. चिठ्ठ्या टाकल्या, निळ्या आणि पिवळ्या फिती वाटल्या, तुमचे निम्मे इकडे, आमचे निम्मे तिकडे. मनात म्हटलं, घामानं भिजली की कोण कुठल्या मंडळीचं ते यांनाच आठवणार नाही. कसचं काय! पाणी प्यायला म्हणून गेली आणि टाकीमागे फिती बदलून आली. मैदानात बघते तर आमची सगळी पिवळी आणि तुमची सगळी निळी. माझा लेक लंबू पिवळ्यांच्या गोलमध्ये, तुझी लेक भिंगरी निळ्यांमध्ये पुढे. ही दोघं एका ताटात जेवलेली, एका गोधडीत झोपलेली, आणि एकमेकांकडे अशी बघत होती की जणू कुठल्या स्टेशनावर नुसती ओळख झालीय. मला राग आला. मुलांना हे कुणी शिकवलं हे मी कुणाला विचारणार होते? कांद्याचा भाव विचारणाऱ्या बाईनं?

मग मी तिथल्या तिथे एक नियम काढला. शाळेत अगदी लहान वर्गाला मी तो लावायचे, हरलं की भोकाड पसरणाऱ्या पोरांसाठी. नियम असा, की जो गोल करेल त्यानं आपली फीत सोडायची, समोरच्या संघाची बांधायची आणि उरलेला खेळ त्यांच्याकडून खेळायचा. म्हणजे जिंकणाऱ्याची माणसं कमी होत जातात, हरणाऱ्याची वाढत जातात आणि थोड्या वेळानं रडायला कुणी उरत नाही. मला वाटलं, दहाबारा गोल झाले की आपोआप सरमिसळ होईल. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी शिट्टी फुंकली.

आणि धाकट्या, कुणी गोलच करेना. पलीकडे जावं लागेल म्हणून एकजणही चेंडू जाळ्याकडे मारायला तयार नाही. निळे निळ्यांना देताहेत, पिवळे पिवळ्यांना देताहेत, चेंडू गोलच्या तोंडाशी येतोय आणि तिथून अदबीनं मागे फिरतोय. एकाचा पाय चुकून जोरात लागला तर तो स्वतःच धावत जाऊन चेंडू अडवून आला. इतका संथ फुटबॉल मी जन्मात पाहिला नाही. ऊन असं पडलं होतं की लांबची मुलं जमिनीपासून वीतभर वर चालताहेत असं वाटत होतं. हॉलमधली तालीम रंगात आली होती, तिच्या लयीत चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. शिट्टी तोंडात धरून मी तशीच उभी राहिले. काही क्षण मला कळेना की ही मुलं आताची आहेत की आपल्या वेळची, आणि मी बाई आहे की वेणी उडवत पळणारी पोर. दोन्ही मंडळ्यांचे पाळक एकाच झाडाखाली दोन टोकांना खुर्च्या टाकून बसले होते. दोघांनीही टाळ्या वाजवल्या. आमचे म्हणाले, काय ही शिस्त! तुमचे म्हणाले, आणि कसली ही नम्रता! कित्येक महिन्यांत त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलंच, आणि तेही भलत्याच गोष्टीवर. मला हसावं की रडावं कळेना.

असा किती वेळ गेला कोण जाणे. मग चेंडू भिंगरीच्या पायाशी आला. ती थांबली. तिनं आधी आपल्या संघाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि सुटली. पळताना डावं कोपर बाहेर काढते रे ती, थेट तुझ्यासारखं, मी लांबून तूच समजले. तिच्या मागं तिचाच संघ धावत होता आणि ओरडत होता, मारू नकोस, अगं मारू नकोस! पिवळे मात्र बाजूला होऊन वाट देत होते, कारण अडवावं की नाही हेच त्यांना समजत नव्हतं. गोलमध्ये माझा लंबू हात पसरून उभा. त्यानं मनात आणलं असतं तर चेंडू सहज अडला असता, तेवढी उंची देवानं त्याला दिलीय. त्यानं आणलं नाही. चेंडू त्याच्या बाजूनं आत गेला. हॉलमधलं गाणं नेमकं तेव्हाच संपलं होतं.

भिंगरीनं दंडावरची निळी फीत सोडली. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडली. मग ती लंबूसमोर जाऊन दंड पुढे करून उभी राहिली आणि त्यानं तिला पिवळी बांधली. तो काहीतरी बोलला, ती हसली. काय बोलला ते मी नंतर विचारलं, दोघंही सांगत नाहीत. निळ्यांपैकी एकानं तिला काहीबाही सुनावलं, तिनं ते ऐकून घेतलं, उलट उत्तर दिलं नाही. ते मला गोलापेक्षा मोठं वाटलं, कारण आपल्या घराण्यात उलट उत्तर गिळणं कुणाला कधी जमलेलं नाही. आणि मग माझा लंबू गोल मोकळा टाकून चेंडू घेऊन निघाला. कुणी अडवलं नाही. तो सरळ पलीकडे गेला, जाळ्यात चेंडू ढकलला आणि निळी फीत मागायला लागला. त्यानंतर मात्र बांध फुटला. जो तो गोल करायला धावू लागला, जो तो इकडून तिकडे जाऊ लागला. फिती कमी पडल्या, पोरांनी रुमाल बांधले. कोण कुणाच्या बाजूनं खेळतंय याचा मलाच पत्ता लागेना आणि मी पंच! शेवटी शिट्टी फुंकली तेव्हा सगळी गवतात आडवी पडून हसत होती. झाडाखालच्या एका खुर्चीतून विचारणा झाली, बाई, जिंकलं कोण? मी म्हटलं, साहेब, ते आता तुम्हीच प्रार्थना करून विचारा.

संध्याकाळी नळावर भिंगरी तोंड धूत होती. मी टॉवेल घेऊन उभी राहिले, ती लहान असताना उभी राहायचे तशी. तिनं खुशाली विचारली, मी तिच्या कॉलेजचं विचारलं, तुझं विचारलं. म्हणाली, बाबा बरे आहेत, कीबोर्ड वाजवतात, छापखान्याच्या वरची आमची उपासनेची खोली तशी छान आहे, फक्त शाईचा वास येतो आणि गीत संपलं की बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात. खिडकीतून आपल्या उपासनामंदिराचं छप्पर दिसतं म्हणे. मी टॉवेल पुढे केला. मग बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता, अगदी सहज म्हणाली, आत्या, गोल तर तुमच्या लोकांनी कधीचाच केलाय, मग तू अजून तिकडेच कशी?

मी म्हटलं, खेळातलं वेगळं असतं बाळ. ती बरं म्हणाली. पोरगी वाद घालणारी, पण या वेळी घातला नाही, आणि तिथंच मी अडकले. घरी आले, चहा केला, तो गार झाला. मी नियम काढला होता तो भोकाड पसरणाऱ्या पोरांसाठी आणि तो माझ्याच अंगावर आला. तसं बघितलं तर त्यात चुकीचंही काही नव्हतं. छप्पर आमच्याकडे राहिलं, बाकं राहिली, ऑर्गनही राहिला. तू राहिला नाहीस. हे मला त्या केकच्या दिवशीच कळलं होतं, पण कळून मी कुठं जाणार होते? तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, ही आपली लहानपणापासूनची गत. मला तुझी आठवण येते धाकट्या. रोज येते. रविवारी लेखनिक साहेब तिसरी ओळ चुकले की फारच येते.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी तुमच्याकडे उपासनेला येतेय. तुझ्या भाऊजींना सांगितलंय. ते म्हणाले, कमिटीत मला विचारतील. मी म्हटलं, सांगा, बायको ऐकत नाही, ते सगळ्यांना पटेल. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की एकटी जाशील की सोडायला येऊ. ते खालपर्यंत येतील, वर येतील की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू दे. कुणाची समजूत घालायला मी येत नाही, निकालाबद्दल अवाक्षर काढणार नाही आणि कुणी काढलं तर ऐकून घेईन, भिंगरीनं घेतलं तसं. माझं स्वागत करू नकोस, माझं नाव पुकारू नकोस, वळून बघायचं नसेल तर बघूही नकोस. वाजवताना तुझी पाठच लोकांकडे असते, तेव्हा ते तुला अवघड जाणार नाही. फक्त एक कर. छापखान्याचा जिना उभा आहे असं ऐकते आणि माझे गुडघे आता पूर्वीचे नाहीत. पहिलं गीत जरा उशिरा सुरू कर.

वाटेला लागलेली तुझीच
ताई