कपाटातली भांग

१७ सप्टेंबर

रुजली! पाच कुंड्यांत पाच. बाकीचं बी आजीच्या मोज्यातच म्हातारं होऊन मेलेलं दिसतंय.

माझा दोस्त शाको म्हणतो वही ठेव. पाणी कधी घातलं, किती वाढलं, सगळं लिहायचं, गांजा लावणारे सगळे लिहितात म्हणे. ठीक आहे. पाणी घातलं. वाढ – माझ्या नखाएवढी. झालं लिहून.

शाकोला वाटतंय आपण ओढायला लावतोय. वाटू दे. दिवा त्यानेच आणलाय. कपाटाचं दार उघडलं की सगळी खोली जांभळी होते.

१९ सप्टेंबर

खरं कारण इथे लिहून ठेवतो. नाहीतरी कोण वाचतंय.

आजी एप्रिलमध्ये गेली. वर डोंगरातल्या गावात, स्वानेतीत, रस्त्यावरचा बर्फ निघायच्या आधीच. आजोबांची छाती खराब, म्हणून मी त्यांना खाली शहरात, तिबिलिसीला, आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. येताना त्यांनी दोनच वस्तू घेतल्या. आजीची काठी, आणि तिचा एक लोकरी मोजा. मोज्याला गाठ, आत भांगेचं बी.

जानेवारीत लिपानाली. तेव्हा मेलेली माणसं घरी जेवायला येतात, काही दिवस राहतात, मग जातात. आजी दरवर्षी त्यांच्यासाठी भांगेचं बी कुटून, चीजमध्ये कालवून रोट्या भरायची. घरामागच्या तुकड्यातलं बी. पोलीस झाडं उपटायला आले की त्यांनाही एकेक रोटी हातावर ठेवायची. पुढे ते रोटी खाऊनही उपटायला लागले. झाडं संपली, मोजा उरला.

यंदा आजी पहिल्यांदाच पाहुणी म्हणून येणार. आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले, "जन्मभर सगळ्या मेलेल्यांना तिनं जेवू घातलं. आता तिला कोण घालणार?"

मी म्हटलं, मी.

तोंडातून निघून गेलं. त्याचीच ही शेती.

२२ सप्टेंबर

हे लिहायचं राहिलं. आधी मी सोपा मार्ग करून बघितला होता. बाजारात पाखरांचं खाणं मिळतं, त्यातलं भांगेचं बी वेचलं, रोटीत भरलं, आणि गावाहून आलंय म्हणून थाप मारली. आजोबांनी एक घास चावला. तोंडातून काढून ताटात ठेवला.

"कुणाचा पोपट मेलाय?"

मी फुटलो हसून. ते नाही हसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

४ ऑक्टोबर

एक झाड वाकलं. पाणी जास्त झालं. मला वाटायचं जितकं पाणी तितकं प्रेम. मुळं सडली बहुतेक, एका अंगाला झुकून उभंय. शाको म्हणाला फेक, लंगडं झाड कपाटात जागा अडवतं.

आजोबांनी ऐकलं. खोकत खोकत आले, ते रोप उपसलं, दह्याच्या बरणीत लावलं आणि आपल्या पलंगाशेजारी खिडकीत ठेवलं. म्हणाले, हिचं नाव मारेखी.

मारेखी म्हणजे आजीचं नाव. आजीचा उजवा पाय आखूड होता.

गावात चर्चला निघाले की आजोबा पुढे, आजी मागे काठी टेकत. वळण आलं की हे थांबायचे आणि सिगरेट पेटवायचे. ती खालून दिसली की सिगरेट विझवायची आणि पुढे. पुढच्या वळणावर परत तेच. सांगायचे लोकांना – हिच्यापायी माझी प्रत्येक सिगरेट अर्धी वाया गेली.

१२ ऑक्टोबर

आज भारी झालं. समोरच्या त्सियालाबाई जिन्यात मला धरून विचारतात, तुमच्या घरातून जांभळा उजेड कसला येतो रे, एल्गुजा? मी चेहरा पाडला. म्हटलं, कुणाला सांगू नका मावशी, आजोबांना देवदूत भेटायला येतो.

त्यांनी छातीवर क्रूस केला. संध्याकाळी दाराशी मेणबत्ती आणि संताची तसबीर! शाको जिन्यात बसून पोट धरून हसत होता.

आजोबांना सांगितलं. ते म्हणाले देवदूताला सांग, दिव्याचं बिल भर.

१३ ऑक्टोबर

पाणी नाही घातलं. शिकलो.

२ नोव्हेंबर

आईचा फोन. ती तिकडे इटलीत, बारीला, एका म्हातारीला आंघोळ घालते, भरवते, फिरवते. मी इथे तिच्या बापाला. उलटसुलट करून टाकलंय सगळं कुणीतरी. तिचे कागद संपलेत. आता देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. म्हणून आजीच्या मातीला ती फोनवरच होती. मी फोन धरून कबरीशी उभा होतो, हात गारठला तरी खाली केला नाही.

आज म्हणाली, दाखव रे झाडं. कपाट उघडून दाखवलं. कंबरेएवढी झालीत. बघत राहिली. मग म्हणाली वास येतोय मला इथे.

वास तर येतोच! अख्ख्या मजल्यावर. मी रोज लसूण-मेथीचं मीठ तव्यावर भाजतो, वर गावात करतात तसं. त्सियालाबाई समजतात देवदूताला नैवेद्य.

दिवा आता अर्धाच दिवस लावायचा. म्हणजे झाडांना वाटतं थंडी आली, फुलायला हवं. झाडांना फसवणं माणसांपेक्षा सोपं.

१४ नोव्हेंबर

आजोबांना दवाखान्यात ठेवलंय. श्वास पुरत नाही. जाताना स्ट्रेचरवरून म्हणाले, मला दाखवल्याशिवाय काही उपटू नकोस.

मी हो म्हटलं. माझं काय जातंय हो म्हणायला.

१६ नोव्हेंबर

चारांतली दोन नर निघाली. फांदीच्या बेचक्यात बारीक गोळ्या लोंबतात, शाकोने बघितल्या बघितल्या ओळखल्या. म्हणाला आत्ताच्या आत्ता काढ, नर फुटला की माद्या बी धरतात, सगळा माल वाया. शाकोच्या फोनमध्येही तेच – नर दिसला की मारा. सगळे तेच सांगतात, सगळे हुशार, कितीतरी वर्षं लावणारे.

उपटले. मुळांसकट, पिशवीत, कचऱ्यात. दोन राहिल्या, त्या मात्र झक्कास. शाकोने कपाटाला सलाम ठोकला.

२३ नोव्हेंबर

आजोबा घरी आले. नाकाला नळी. बूट काढायच्या आधी म्हणाले कपाट उघड.

उघडलं. फुलं मुठीएवढी, चिकट, चमकणारी. मी हौशी दुकानदारासारखा एकेक दाखवत होतो. त्यांनी एक फूल बोटांत धरून चुरडलं. मग दुसरं. मग कुंड्या मोजल्या.

"नर कुठायत?"

सांगितलं.

वाटलं आता काठी येणार पाठीत. आली असती तर बरं झालं असतं. ते नुसते कपाटाच्या कडेला टेकले. म्हणाले, "बी कुठून येणार, पोरा?"

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शाकोला फूल हवंय. ते फोनमधले हुशार, त्यांनाही फूलच हवंय. बी कुणालाच नको. बी फक्त आम्हाला हवं होतं. मी कुणाला विचारलं? ज्यांना नको त्यांना.

मोज्यात आता दाणा नाही. सगळं पेरलं होतं.

२४ नोव्हेंबर

आजोबा भिंतीकडे तोंड करून. जेवले नाहीत.

२५ नोव्हेंबर

गाढव मी.

२९ नोव्हेंबर

मारेखीला मिशा आल्या!

खिडकीतली लंगडी. आजोबा दवाखान्यात होते तेव्हा मी तिला विसरलोच होतो, पाण्याचा थेंब नाही, तरी जिवंत. वीतभरच, पण आज सकाळी आजोबांनी हाक मारली. बघतो तर बेचक्यात गोळ्या लोंबतायत. नर!

"जन्मभर मला वाटलं ही बाई आहे," आजोबा म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता निळे पडले, नळी घट्ट केली, परत हसले. एप्रिलनंतर पहिल्यांदा.

३ डिसेंबर

गोळ्या फुटल्या. मी बरणी उचलणार तर म्हणाले हात लावू नकोस, तुझा हात वाईट आहे. स्वतः घेऊन निघाले. मी मागून नळी आणि ऑक्सिजनचं यंत्र धरून. पलंगापासून कपाट ते किती! तरी मध्ये खुर्चीवर बसले, मग दाराला टेकले. कपाटातला पंखा बंद करायला लावला. मग त्या दोघींच्या डोक्यावर बरणी धरून टिचकी मारली. पिवळी पूड उडाली. जांभळ्या उजेडात धुरासारखी.

पूड खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे. चर्चमध्ये पण मी इतका वेळ उभा नसतो.

५ डिसेंबर

शाकोला सांगितलं. खरं काय ते सगळं, आजी, मोजा, लिपानाली. तो म्हणाला तू वेडा आहेस, एवढा माल बियांसाठी घालवलास! दार आपटून गेला.

संध्याकाळी परत आला. पिशवीभर संत्री आजोबांच्या पायाशी ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. कपाटाशी जाऊन विचारतो, पाणी कधी घातलं होतंस?

२१ डिसेंबर

एक फूल सोललं. आत दाणे आहेत! हिरवे, मऊ. नखाने दाबलं की दूध.

आजोबांचं वजन इतकं उतरलंय की कुशीवर वळवताना भीती वाटते. आंघोळ मीच घालतो. त्यांना लाज वाटते म्हणून मी त्या वेळी वाटेल ते बडबडतो, गाणी म्हणतो वाईट आवाजात. आज म्हणाले गाणं बंद कर, मी उघडाच बरा.

१ जानेवारी

खाली फटाके. आजोबांनी संत्र्याची एक फोड खाल्ली.

१५ जानेवारी

दाणे अजून पांढरट. तीन दिवसांनी ती मेलेली सगळी येणार, आणि आमच्याकडे रोटी नाही. दिवसभर बघत बसतो कपाटात. रागावून पिकतं का काही?

आजोबांना म्हटलं, उशीर होणार. माझ्यामुळे.

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, ती लंगडी आहे.

मला कळेना. मग आठवलं. आमच्या घरात आजी नेहमी करायची. पाहुणे सगळे परत गेले की त्याच्या दुसऱ्या दिवशी परत एक ताट. जी लंगडी आहेत, अधू आहेत, ज्यांना बाकीच्यांबरोबर चालवत नाही, ती मागून पोचतात, त्यांचा दिवस. लहानपणी मी विचारायचो, ही कोण? आजी म्हणायची माझ्यातली आहेत.

१८ जानेवारी

टेबल मांडलं. चीजच्या साध्या रोट्या त्सियालाबाईंनी करून दिल्या, दारू शाकोने आणली. आजोबांना खुर्चीत बसवलं, दोन बाजूंनी उशा. त्यांनी एकेकाला नावाने बोलावलं. बाप, आई, बर्फात गेलेला भाऊ. प्रत्येकाला बस म्हणायचे, आणि खरंच थोडं थांबायचे, माणूस बसेपर्यंत. मला हसू यायला हवं होतं.

आजीचं नाव घेतलं नाही. खुर्ची मात्र ठेवली.

२० जानेवारी

काळे झाले! म्हणजे करडे, वर वाघासारखे पट्टे. फूल तळव्यात घासून फुंकर मारली की दाणे उरतात. दोन्ही झाडं कापली. सगळं बी काढलं, ताटभर आलं. दिवा बंद केला. खोली पहिल्यांदाच साधी दिसली. ओळखूच येईना.

ताट आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एक दाणा हिरडीखाली धरला, फोडला. डोळे मिटले. मी विचारलं कसंय. त्यांनी मूठभर उचललं आणि ती मूठ छातीवर घेऊन झोपले.

सोमवारी आई फोनवर पीठ मळायला शिकवणार आहे. मंगळवारी लंगड्यांचा दिवस.

२३ जानेवारी

रोट्या केल्या. एक करपली, एक फुटली. आई शेवटपर्यंत फोनवर होती, पाणी घाल, अजून घाल, बस, एवढंच बोलली.

ताटं दोन मांडलीत. आजोबा रविवारी पहाटे गेले. मुठीतलं बी रोटीत नाही घातलं, मोज्यात बांधून ठेवलंय. बाहेरच्या खोलीत पेटी आहे, उद्या शाको आणि मी वर गावी नेणार, आजीशेजारी. त्सियालाबाई पेटीशी बसून मला म्हणाल्या, शनिवारी तो उजेड गेला तेव्हाच मला कळलं रे.

आजोबांचे पाय धड होते. त्यांनी कालच बाकीच्यांबरोबर निघायला हवं होतं. पण मला माहितीये, वळणावर थांबले असणार, सिगरेट पेटवून.

दार उघडं ठेवलंय.