सातव्या दिवसाचं संत्रं

प्रिय मेहुणेबुवा,

भाऊजींचे आशीर्वाद घे (वयाने मोठा म्हणून देतोय, अकलेच्या बाबतीत तुझ्या ताईचं मत वेगळं आहे आणि ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना डावा पाय आधी टाक असं मी मागे सांगितलं होतं. त्याने दुखणं वाढलं असेल तर उजवा टाकून बघ. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे मी या क्षणी एकशे बावीस आहे. हल्ली कुणी कसे आहात विचारलं की माझ्या तोंडून आकडाच बाहेर पडतो, त्याला माझा इलाज नाही. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. फोनवर बोललं की ताईला ऐकू जातं, आणि हे पत्र तिच्याबद्दल आहे.

तू तिला नव्या घरी पंधरा दिवस राहायला बोलावलंस त्याला दोन महिने होतील. गच्चीतून तळं दिसतं असं तू लिहिलंस, तेव्हापासून ती त्या तळ्याचं वर्णन येणाऱ्या-जाणाऱ्याला असं करते की जणू रोज सकाळी तिथे पाय बुडवून बसते. माळ्यावरची बॅग खाली उतरली, पुसली गेली आणि दाराआड उभी राहिली. पण चार वर्षांपूर्वी मला इन्सुलिन सुरू झालं, आणि तेव्हापासून ती मला एकट्याला सोडून एक रात्रही कुठे राहिलेली नाही. म्हणून आमच्या कन्येने तो दंडावर लावायचा सेन्सर पाठवला. कोटाच्या बटणाएवढी पांढरी चकती. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते, आत केसाएवढी तार जाते, आणि चौदा दिवस दर पाच मिनिटांनी शुगरचा आकडा फोनवर येत राहतो. माझ्या फोनवर, ताईच्या फोनवर, कन्येच्या फोनवर. बॅगेचा प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो. तर या पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी एकसष्ट दाखवले आणि बोट टोचलं तर एकशे अठरा. तेव्हा ताईने अट घातली: सेन्सर आणि बोट टोचायचं जुनं मीटर सलग सात दिवस जुळलं पाहिजे. वीसेक आकड्यांचा फरक माफ, त्यापुढे नाही. जुळलं तर बॅग उचलायची, नाही तर तळं तिथेच राहील, ते काही कुठे जात नाही.

तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडलो. मी दुकानात शिरलो की काउंटरवर फडकं फिरायला लागायचं, कारण माझा नियमच होता: काट्याला खोटं ठरवण्याआधी पारडं पुसा. निम्मे काटे पुसल्याबरोबर सुधारायचे. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की ऑफिसात मला पाठीमागे पारडंपुसे म्हणत (पुढे पुढे समोरच म्हणू लागले). असा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या दंडावर असा लहरी काटा. मी यंत्राला दोषी ठरवून मोकळा झालो. आकडा पटला नाही की फोनमध्ये मीटरचा आकडा घालून त्याला वळणावर आणायचो, ते पुढे दिवसभर भलतंच बोलायचं, मी पुन्हा वळणावर आणायचो. चौथ्या दिवशी ताईने फोन काढून घेतला.

त्याच आठवड्यात दुपारच्या झोपेचं प्रकरण झालं. जेवून डाव्या कुशीवर लवंडलो होतो, छान डोळा लागला होता, तेवढ्यात फोन बोंबलायला लागला: अठ्ठेचाळीस. मी जागा होईपर्यंत ताईने माझ्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं होतं. दुसऱ्या गावाहून कन्येचा फोन, तिचं ऐकून आणखी एक पेला, आणि मी काही बोलू नये म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या दोन. मग कुणाला तरी बोट टोचायचं सुचलं. दोनशे सत्तेचाळीस. मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून माझा एकतीस वर्षांचा अनुभव ऐकवला. पलीकडच्या बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, काका, तुम्ही सेन्सरवर झोपला होतात का? मी म्हटलं, मी गादीवर झोपलो होतो. ताईने फोन हातातून घेतला, माझी बाही वर केली आणि दंडावर उमटलेल्या उशीच्या शिवणीकडे बघून म्हणाली, हो, झोपले होते.

इथून पुढे मी तुझ्या बहिणीकडे बघतच राहिलो, हे तुला सांगायलाच हवं. एवढी वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई. तिने सेन्सरच्या डब्यातलं ते मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक (मी त्याची घडी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली होती) काढलं आणि भिंग लावून दोन दिवस वाचलं. तिला कळलं की नवा सेन्सर पहिला दिवस धरायचाच नसतो, त्याला अंगात रुळायला वेळ लागतो. दंड दाबला गेला की आकडा उगाच खाली येतो. आणि तो रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं मागे असतो. जेवल्या-जेवल्या किंवा जिना चढून आल्यावर दोन्ही आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. बातमी खरी असते, फक्त उशिरा छापून येते, असं तिने मला समजावलं. मग एक वही केली, तांबड्या पेनाने रकाने आखले, आणि माझ्या डाव्या बाजूला गादीत एक लोड असा रोवला की मला त्या कुशीवर वळायचं तर आधी अर्ज करावा लागेल.

एवढं होऊनही सात दिवस काही भरेनात. सकाळी जुळायचं, रात्री जेवणाआधी जुळायचं, पण दुपारी साडेचारला मीटर दोनशेच्या वर आणि सेन्सर आपला एकशे वीस. मी म्हणायचो, बघ, दुपारचा हा सेन्सर झोपा काढतो. ती वहीत लिहायची आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायची. तीन आठवडे. एका दुपारी तिने वहीची पानं पुढेमागे केली आणि मला विचारलं, चार वाजता तुम्ही काय करता? आता चार वाजता मी काय करतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे. चौतीस वर्षं मी चार वाजता तिला संत्रं सोलून देतो. छापखान्यात असताना प्रुफांवर डाग पडायला नकोत म्हणून सुरू झालं ते, आणि सवय राहिली. मी स्वतः एक फोडही खात नाही, त्यामुळे माझ्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. तिने मला डाव्या हाताचं बोट तसंच टोचायला लावलं: दोनशे एकतीस. मग साबणाने हात धुवायला लावले, नीट कोरडे करायला लावले, आणि शेजारचं बोट: एकशे एकोणीस. मीटर इतके दिवस संत्र्याची शुगर सांगत होतं. त्या आकड्यावर मी इन्सुलिन वाढवलं नव्हतं, ते केवळ तिने वाढवू दिलं नाही म्हणून. ती हसली नाही, कुणाला सांगायला गेली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, पारडं.

मेहुणेबुवा, मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण समोरचा चुकला हे कळल्यावर आधी त्याच्या हातात टॉवेल देणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या घरात आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

त्यानंतर सहा दिवस दोन्ही आकडे शहाण्यासारखे वागले. सहाव्या दिवशी बॅगेत साड्या गेल्या, तुझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा गेला. सातव्या दिवशी दुपारी मीटर दोनशे चौदा, सेन्सर एकशे सव्वीस. काय करणार, यंत्र ते यंत्र. ताईने दोन्ही आकडे लिहिले आणि साड्या परत कपाटात ठेवल्या. उद्यापासून पुन्हा एक.

तुझा,
भाऊजी

ता. क. – खरं काम राहिलंच. तू तिला आजच लिही की घराचं रंगकाम काढलंय आणि महिनाभर पाहुणे घेता येत नाहीत. माझं नाव घेऊ नकोस. सेन्सर संपला की नवा लावायला तीच लागते, दंडाच्या मागे माझा हात पोहोचत नाही.

ता. क. २ – तुझ्याशी खोटं बोलून पत्र चिकटवणं बरं दिसत नाही. सातव्या दिवशी मी हात धुतले नव्हते. मुद्दाम. दाराआड ती भरलेली बॅग दिसली आणि मनात आलं, एकशे बावीस झाले तर मी सांगणार कुणाला? हे वाचून फाडून टाक. पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे, म्हणजे वाटेत कुणाच्या हाती लागायला नको.

(पुढचा मजकूर तांबड्या शाईत)

राजा, या घरातून कागद माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे यांना चौतीस वर्षांत कळलेलं नाही. मजकूर बरोबर आहे, तीन दुरुस्त्या आहेत. साखरेचे पेले दोन नव्हते, तीन होते. सातव्या दिवशी बोटाला संत्र्याचा वास येत होता, तो मी त्याच रकान्यात लिहिला आहे. दिवस जुळला असं धरून साड्या आज परत बॅगेत भरल्या. आणि सेन्सर यांना एकट्याला लावता येतो, आरशासमोर उभे राहून सराव करताना मी दोनदा पाहिलंय.

मी शनिवारी येते, एकटी. शुक्रवारी यांना नवा सेन्सर लावतेय, पहिला दिवस धरायचा नसतो म्हणून तेवढी थांबले. तो चौदा दिवसांनी संपेल, त्या दिवशी तू यांना बोलावून घे. म्हणावं, नवा लावायला ताई इकडे आहे.

यांच्यासमोर आरशाचं काढू नकोस. तोवर रोज साडेचारला मी इथे फोन करीन आणि आकडा विचारीन. तो मला माझ्या फोनवर दिसतोच, पण विचारीन.