निवडून ठेवलेली संत्री

आदरणीय मीना मॅडम,

रामाकोन्याहून उर्वशीचा नमस्कार. आपला गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे सारे ठीक. आईची साखर तेवढी ठीक नाही.

पत्राचं कारण असं की नागपूरच्या एका दवाखान्यात नर्सची जागा निघाली आहे आणि अर्जासोबत मला शिकवणाऱ्या मॅडमचं शिफारसपत्र हवं आहे. मी साधं पत्र लिहून मागणार होते. पण बाबा म्हणाले, "मॅडम म्हंजे आपल्या गावची लेक. रिकाम्या हातानं मांगते का कोनी?" (आमच्याकडे बारसं असो की शोक, पेटी संत्र्यांचीच जाते.) त्यातून पुढचं झालं.

मुलाखतीत इंजेक्शन देऊन दाखवावं लागतं म्हणतात, म्हणून तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी संत्र्यांवर सराव करत होते. नरम फळावर हाताला काही कळत नाही, म्हणून मृग बहाराच्या मालातली घट्ट सालीची निवडून वेगळ्या पेटीत ठेवली होती. टोचून झालं की परत त्याच पेटीत. बाबांनी पाहिलं, माल निवडलेला, पेटी वेगळी. पोरीने मॅडमसाठीच काढून ठेवली, असं समजून त्यांनी ती तुमच्या पांढुर्ण्याच्या बसमध्ये कंडक्टरच्या हवाली केली. मी धापा टाकत सौंसरच्या स्टँडवर पोचले, तेव्हा बस गेली होती आणि बाबा खुशीत चहा पीत होते. "पोचते न आता, कायले काळजी करून राहिली?"

पत्रात काय लिहावं हे तुम्हाला सांगणारी मी कोण. तरी बाबांचा निरोप कळवते: मुलगी हुशार, नम्र, आणि हात अगदी स्थिर. पहिल्या वर्षी माझ्या हातातली सिरिंज पाहून पेशंटच मला धीर देत होता, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्ही रागावला नाहीत. हात थरथरला तर थरथरू दे, नजर हटू देऊ नको, एवढंच म्हणालात. आता तो हात बसला आहे, तेव्हा बाबांचं वाक्य लिहिलंत तरी खोटं ठरणार नाही.

आपली,
उर्वशी

ता. क. संत्री खाऊ नका. आत उकळून गार केलेलं पाणीच आहे, पण टोचलेलं फळ लवकर सडतं. शेजारी वाटली असतील तर त्यांनाही सांगा. बाबांना मात्र गोड निघाली असं कळवा.

आणखी एक. पाकीट बंद करायचं राहिलं ते बरंच झालं. डॉक्टरांनी आईला इन्सुलिन सुरू केलं आहे, आणि आज सकाळी पहिल्यांदा मी ते दिलं. परक्या पेशंटपुढे मला आता काही होत नाही. पण आईच्या पोटाची चिमूट धरली आणि हात पहिल्या वर्षासारखा हलायला लागला. नजर हटू दिली नाही. सुई बाहेर आली तरी आई डोळे मिटून विचारत होती, "टोचतं कधी व माय?" मला रडू आलं.

म्हणून मॅडम, हात स्थिर आहे असं लिहू नका. थरथरतो, पण सुई जागेवर जाते, असं लिहा. अशा पत्रावर कोण नोकरी देते, असं बाबा म्हणतील. पण तुम्ही याच हाताला पास केलं होतं.