डोंगर वर, समुद्र खाली

३ जून, सिंगाराजा
बाबांनी माझा नकाशा फेटाळला! मोजणी कचेरीत माझे नकाशे अख्ख्या बालीसाठी चालतात, घरात नाही. सुआर्सनाच्या घरचे देनपसारहून मला मागणी घालायला येणार, म्हणून आमच्या घराच्या वाटेचा नकाशा काढला – शिस्तीत, उत्तर वर. म्हणजे आमच्याकडे, उत्तर किनाऱ्यावर, समुद्र वर, डोंगर खाली. बाबा कडाडले, "देव डोंगरावर राहतात, आणि तू त्यांना कागदाच्या तळाशी बसवलंस? अक्कल गहाण टाकलीस का?"

४ जून
उंचीच्या रेषांचा नकाशा दाखवला. "हा काय, चिरलेला कांदा?" रेषा दाटल्या की चढ, म्हटलं. "चढ माझे गुडघे सांगतात." जमिनीच्या तुकड्यांचा दाखवला, तर काकांची हद्द बघून जेवणापर्यंत शिव्या!

६ जून
हरले. डोंगर वर काढला. प्रमाणबिमाण काही नाही. आईच्या हट्टापायी खानावळ देवळाहून मोठी – "भूक लागल्यावर माणूस काय शोधतो गं?" बाजारचौकातून डोंगराकडे वळायचं, एवढंच. पण बाबांनी बजावलंय, "दुपारचा मुहूर्त हुकला तर सोयरीक मोडली. ती दक्षिणेकडची माणसं मला तशीही पटत नाहीत." नकाशा देनपसारला धाडला.

११ जून
हसू की रडू! मुहूर्त सरत आला, माणसांचा पत्ता नाही. मग सुआर्सनाचा फोन – "पोचलो, पण समोर समुद्र आहे गं!"

त्याच्या आत्याबाईंनी प्रती काढताना माझा नकाशा अपुरा वाटून डोंगराच्या बाजूला बाण काढला आणि लिहिलं, 'उत्तर'. त्यांच्या देनपसारला डोंगर उत्तरेलाच! आज आमचा डोंगर ढगात. चौकात मोबाइलवर उत्तर बघितली आणि गेले सरळ किनाऱ्यावर.

बाबा स्कूटरवरून सुटले, मी मागे. वाळूत जरीचे कपडे, डोक्यांवर फळांची ताटं, भोवती कोळी. बाबा ओरडले, "मुलगी मागायला आलात की मासे?"

आत्याबाई ताठ. "मुलगीच. पण मासे ताजे दिसतायत हो."

बाबा हसले! त्यांच्याबरोबरच्या पुरोहितांनी तिथेच ताटं मांडायला लावली आणि वेळेत होकार झाला. मी आनंदाने वाळूतच बसले. घरी येईपर्यंत बाबांचं चालूच – "डोंगर कुठे ते कळत नाही, त्या घरात पोर देतोय!"

२ ऑगस्ट, देनपसार
सासरची पहिली सकाळ. आत्याबाईंची किंकाळी! रात्री मी मोठ्या शहाणपणाने उशा फिरवल्या होत्या – डोकं डोंगराकडे हवं ना? माहेरच्यासारखं, दक्षिणेला. आमच्या दोघांचे पाय देवांच्या तोंडाशी! नवरा म्हणे, "मला वाटलं, नकाशेवाली तू, तुला माहीत असेल."

आत्याबाईंनी खडू घेतला, भिंतीवर बाण काढला आणि लिहिलं, 'उत्तर'. या वेळी बरोबर आहे.