दारातला कोरडा नळ

सिन्नर, गुरुवार संध्याकाळ

कंपनीतून सुटल्यावर सुरगाण्याकडं घरी फोन लावला आणि पुन्हा बाबाशी भांडण झालं. बाबा म्हणतो, "आपल्या पार्टीच्या साहेबानं दारात नळ आणला."

म्हटलं, "त्याला पाणी कधी आलं?"

"नळ तर आलाय ना! तू तिकडं जाऊन दुसऱ्या पार्टीचा झालास." बाबानं फोनच ठेवला.

इथं खोलीवर नळ आला म्हणजे पाणी आलं. आमच्या घरी नळ आला म्हणजे नुसती तोटी. आई अजून टेकडी उतरून विहिरीवरच जाते. हे बाबाला दिसत नाय? का दिसून पण...

या वादात मी जिंकलो तरी हंडा आईच्याच डोक्यावर. रविवारी जातो. वाद नाय घालायचा. म्हणायचं, बाबा, चल, आज पाणी आपण दोघं आणू.